‘टोलिव्हर’वर सगळे हजर

५ मे १९४७, सोमवार

पोचलो एकदाचा! बस पुलावर आली तेव्हा शेजारच्या बाईंनी काचेवर बोट टेकवून दाखवलं आणि मी बघतच राहिलो. नदीभर जहाजं. विनाशिका एकीला एक खेटून बांधलेल्या, गोठ्यात गाई बांधाव्यात तशा. बाई म्हणाल्या, लढाई संपली, आता यांना कोण विचारतंय. मग त्यांनी उकडलेल्या शेंगांची पुडी पुढे केली. गरम, खारट, सालासकट शिजवलेल्या. त्यांनी चार घेतल्या, बाकी सगळ्या मीच संपवल्या. बाईंच्या सुनेचं बहिणीशी पटत नाही, आणि भांडण एका शिवणयंत्रावरून आहे, एवढं मला कळलं. पुढचं ऐकायच्या आत माझा थांबा आला.

ही वही मी वाटेत मोबील शहरात घेतली. लिहायची सवय नाही, सातवीतच शाळेला रामराम केला. त्यानंतर जॉर्जियात पीच तोडले, सर्कशीचे तंबू ठोकले, एका म्हाताऱ्याची खेचरं सांभाळली. कुठेच सहा महिन्यांवर टिकलो नाही. जानेवारीत कडाक्याची थंडी होती म्हणून जरा ऊब घ्यायला भरतीच्या कचेरीत शिरलो आणि बाहेर आलो तो नौदलाचा माणूस होऊन.

माझ्या जहाजाचं नाव ‘टोलिव्हर’. एके काळी तिच्यावर तीनशे माणसं होती, आता आम्ही बारा, वर एक चीफ आणि एक लेफ्टनंट. काम सोपं आहे. तिला झोपवायचं. गंज खरवडायचा, ग्रीस थापायचं, एकेक खोली बंद करून सील लावायचं आणि आतली हवा यंत्राने सुकवून ठेवायची. पुन्हा लढाई झाली तर उठवता यावी म्हणून. इथे सगळे तिला ‘म्हातारी’ म्हणतात. म्हातारी चार वर्षांची आहे.

मी अर्कान्सॉचा, म्हणून दुपारपर्यंत माझं नाव अर्कान्सॉ पडलंसुद्धा. खालच्या बंकवर ओडेल फ्राय नावाचा जॉर्जियाचा पोरगा आहे. त्याने पहिलीच गोष्ट विचारली, तू घोरतोस का? म्हटलं, माहीत नाही, झोपलेलो असतो. तो इतका हसला की बंकवरून पडायचाच राहिला. आमचं जमणार.

७ मे, बुधवार

न्याहारीला बीन्स. बुधवारी बीन्सच, असा नौदलाचा कायदा आहे म्हणे.

सकाळी आठला जहाजाच्या पिछाडीवर हजेरी. चीफ ट्रुइट नावं पुकारतो. मान बैलासारखी, आवाज मात्र चर्चमधल्या पाद्र्यासारखा हळू. एक गोष्ट गमतीची वाटली. तो कागदावरून नजर वर काढतच नाही. नाव घेतो, ‘हजर’ ऐकतो, खूण करतो. समोर माणूस उभा आहे की झाडू, बघत नाही.

खोली बंद करतानाही तेच. त्या खोलीत काम करणारे, खाली उतरायच्या तोंडावरच्या लोखंडी झडपेजवळच्या बोळात एकामागे एक उभे राहतात, चीफ नावं घेतो, सगळे हजर झाले की झडप खाली येते, सहा खटके फिरवले जातात, तार ओवून शिशाचं सील दाबलं जातं. मग ती झडप कोणी उघडायची नाही. उघडली तर तुरुंग.

दिवसभर हातोड्या. बारा माणसं गंज ठोकतायत, शेजारच्या जहाजावर बारा, त्याच्या पलीकडे बारा. झोपेतही माझं डोकं ठणठण वाजतं.

११ मे, रविवार

ओडेलची एक मैत्रीण आहे, मार्व्हेल. गावातल्या औषधाच्या दुकानात सोडा आणि सँडविच विकते. काल तिला भेटलो. तिच्या हाताला व्हॅनिलाचा वास येतो, हे ओडेलने मला आधी सोळा वेळा सांगितलं होतं. खरंच येतो. तिने मला फुकट ॲपल-पाय खाऊ घातला आणि विचारलं की हा नेहमी एवढा उशिरा का येतो. म्हटलं, बाई, तुमच्याकडे उशिरा येतो आणि आमच्याकडेही उशिराच येतो, मग मधे जातो कुठे?

शुक्रवारी तो हजेरीला नव्हता. चीफने ‘फ्राय’ म्हटलं आणि मी तोंड खाली घालून, नाकात बोलल्यासारखा जॉर्जियाचा सूर काढून, ‘हजर’ म्हटलं. चीफने खूण केली. पोरं खोकली, हसू दाबायला. यात काय मोठंसं, सगळ्या जहाजांवर चालतं हे. ओडेल साडेआठला नाश्त्याचा पाव तोंडात धरून शिडी चढला आणि माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, जन्मभर विसरणार नाही अर्कान्सॉ, तुझ्या वेळी मी.

१४ मे, बुधवार

माझं अक्षर बरं निघालं. लेफ्टनंटने बोलावून लॉगच्या, म्हणजे रोजच्या नोंदींच्या, वह्यांचा ढीग पुढे ठेवला. म्हणाला, जहाजाचा सेवा-इतिहास तयार कर, दोन पानं, तिच्याबरोबर कपाटात राहील. सावलीत बसून काम, पंखा, कॉफी. हातोड्यांपेक्षा बरं.

तर म्हातारीची कहाणी अशी. फेब्रुवारी ’४३ मध्ये पाण्यात उतरली. एका ॲडमिरलच्या विधवेने शॅम्पेनची बाटली फोडली, पहिल्या फटक्यात फुटली नाही, दुसऱ्यात फुटली. आधी अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांची राखण. एक पाणबुडी बुडवली, किंवा बुडवली असं वाटलं, तेलाचा तवंग आला होता. मग कालवा ओलांडून पॅसिफिक. बेटं, तोफा, बेटं. वादळात एक माणूस गेला. लढायांबद्दल चार युद्धतारे मिळाले.

मग ओकिनावा, मे ’४५. शत्रूचं विमान मागच्या बाजूवर आदळलं, आग दारूगोळ्याकडे निघाली. मागची इंजिनरूम पाण्याने भरायची असं ठरलं. नोंद अशी आहे, मी जशीच्या तशी उतरवतो: ‘१४:२०. मागच्या इंजिनरूमची हजेरी घेतली. सगळे हजर. झडप बंद, खोली पाण्याने भरली.’

आणि अकरा दिवसांनी, दुरुस्तीच्या धक्क्यावर: ‘खोलीतलं पाणी उपसलं. शिडीच्या तळाशी फायरमन मॅडॉक्स याचं प्रेत.’

मी दोनदा वाचलं. सगळे हजर होते तर मॅडॉक्स खाली कसा?

म्हटलं, असेल कोणी मित्र. दिली असेल हाक त्याच्या वतीने, त्याला वाटलं असेल गडी कुठेतरी सिगारेट ओढतोय.

पान उलटत गेलो. मार्च ’४६. खलाशी हॉब्ज. पुढच्या तेलटाकीत सापडला, वासावरून. डॉक्टर लिहितो, मरून चार दिवस झाले. मी हजेरीचे कागद काढले. हॉब्ज, सोमवार, हजर. मंगळवार, हजर. बुधवार, हजर. गुरुवार, हजर.

चार दिवस कोण कुणाची हाक देत बसतं?

लेफ्टनंटला दाखवलं. म्हणाला, असलं काही घालू नको, लढाया घाल, तारे घाल. कॉफी गार झाली होती.

१९ मे, सोमवार

हे लिहू की नको असं झालंय. आज ओडेल पुन्हा नव्हता. मी ठरवलं होतं, आज हाक द्यायची नाही, त्या हॉब्जपासून जीभच वळत नाही. चीफने ‘फ्राय’ म्हटलं. मी गप्प.

मागून ‘हजर’ आलं.

ओडेलचाच आवाज. झोपेतून उठल्यासारखा जडसर, तो सकाळी बोलतो तसाच. मला वाटलं आला वाटतं गडी. मान वळवली. माझ्यामागे कठडा, कठड्यामागे नदी.

पोरांना विचारलं, कोणी दिली हाक? ते म्हणाले, तूच की रे. मी नाही म्हटलं तर म्हणाले, आज सूर छान लागला होता, त्या शुक्रवारपेक्षा.

ओडेल नऊला आला, केसात मार्व्हेलची रिबन घालून, नाचत. पाठीत धपाटा. म्हणाला, उपकार झाले. मी म्हटलं, ओडेल, उद्यापासून वेळेवर येत जा. तो म्हणाला, तू माझी आई आहेस का.

मी हसलो नाही तेव्हा त्याने केसातली रिबन काढून खिशात घातली. मग म्हणाला, बरं, येईन.

२२ मे, गुरुवार

आज मागची इंजिनरूम बंद केली.

सकाळपासून मी आणि ओडेल खाली होतो. झडप आतून उघडायचे दांडे काढून ग्रीस लावायला वर पाठवले होते. दहाच्या सुमारास लेफ्टनंटचा निरोप आला की इतिहास आजच टाइप करून हवा. मी वर गेलो. जाताना ओडेल जमिनीच्या जाळीखाली हात घालून हरवलेला पाना शोधत होता. म्हणाला, माझ्याबद्दल पण लिही इतिहासात, देखणा होता म्हणून.

परत आलो तेव्हा सील लागलेलं. विचारलं, ओडेल? पोरं म्हणाली, हजेरी झाली, तुझं नाव तेवढं वगळलं, तो होता की, हाक दिली त्याने. पाहिला का? बोळात अंधार असतो रे अर्कान्सॉ, कोण कुणाला बघतो.

जेवायला आला नाही. गेला असेल गावात. मार्व्हेलकडे.

गेलाच असेल.

२३ मे, शुक्रवार, दुपार

रात्रभर खालचा बंक रिकामा.

सकाळी हजेरी. मी मुद्दाम शेवटी उभा राहिलो, सगळ्या पाठी दिसतील असा. मोजल्या. माझ्यासकट अकरा. चीफ म्हणाला, फ्राय.

हजर.

समोरच्या दहा पाठींपैकी एकही हलली नाही. आवाज रांगेतल्या मोकळ्या जागेतून आला. तिथे डेकवर ऊन पडलं होतं, नुसतं ऊन.

मी ओरडलो की फ्राय नाहीये इथे. सगळे वळले. चीफ वळला नाही. कागदाकडे बघत म्हणाला, त्याने उत्तर दिलंय. मी म्हटलं, बघा ना वर, एकदा मान वर करून बघा! तो पुढचं नाव घेत होता.

लेफ्टनंटकडे गेलो. त्याने कागद पाहिला, हजर आहे म्हणाला, तुमचे खेळ तुमच्यात ठेवा, आणि जॅक्सनव्हिलच्या गाडीची वेळ बघायला लागला. सोमवारी येणार. पोरं म्हणतात, फ्राय प्रेमाने अदृश्य झालाय. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाच्या कामावर असेल.

दुपारी पळत गावात गेलो. मार्व्हेल म्हणाली, सोमवारनंतर आलाच नाही. म्हणाली, सांग त्याला, मी वाट बघणारी मुलगी नाहीये. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने हातातला ग्लास खाली ठेवला.

२३ मे, संध्याकाळ

हातोड्या पाचला थांबल्या. एक थांबली नाही.

मी झडपेला कान लावला. तीन ठोके. थांबून तीन. दिवसभर हे आपण ऐकत होतो आणि गंज म्हणत होतो—

चीफला गाठलं. त्याच्या खोलीत, बुटाला पॉलिश करत बसला होता. मी सगळं सांगितलं, मॅडॉक्स, हॉब्ज, सगळं. तो पॉलिश करत राहिला. मग बोलला, इतका हळू की वाकून ऐकावं लागलं. म्हणाला, पोरा, ओकिनावाला हजेरी मीच घेतली. मॅडॉक्सने उत्तर दिलं, माझ्या उजव्या हाताशी, या टेबलाएवढ्या अंतरावरून. त्याचा आवाज मला माहीत होता, दोन वर्षं ऐकला होता. मी झडप पाडली. मग आतून ठोकायला लागलं. मी विचारलं, वर सगळे आहेत ना? आहेत. मग खाली कोण ठोकतंय? आग दारूगोळ्यापासून वीस फुटांवर. तीनशे माणसं. मी खटके फिरवले.

मी म्हटलं, चीफ, आता आग नाहीये. आता उघडा.

त्याने बूट खाली ठेवला. म्हणाला, हजेरी खोटी मानली तर त्या दिवशी मी काय केलं ते सांग मला. म्हणाला, मान वर केली तर रिकामी जागा दिसेल, म्हणून करत नाही. दोन वर्षं केली नाही. म्हणाला, फ्रायने उत्तर दिलंय. उद्याही देईल. जा, झोप जा.

किल्ल्या, पक्कड, खटक्यांचे पाने सगळं त्याच्या कपाटात. कुलूप.

ठोके आता दोन-दोन येतायत.

२४ मे, शनिवार, पहाटे सहा

शेजारच्या जहाजावरून पक्कड आणि लोखंडी पहार मागून आणली. काय करतोस विचारलं त्यांनी, कॉफीपण दिली. मी नाही घेतली. तुरुंग तर तुरुंग. उजाडलंय. खाली जातो. वही खिशात—

६:५०

जिवंत आहे! जाळीत पाय अडकून पडला होता, घोटा सुजून भोपळा झालाय. हातात तो पाना. ओठ फुटलेत. मला बघून म्हणाला, उशीर केलास. रडत होता, हसत होता. पाणी पाजलं. म्हणाला, मी ओरडत होतो रे, वर चीफ माझं नाव घेत होता, मी ‘खाली आहे’ म्हणून ओरडत होतो आणि वरून माझाच आवाज—

पहारीने जाळी उचलली. पाय सुटला.

७:१५

त्याला शिडीवर चढवलं, खांद्याने रेटत. तो झडपेतून बाहेर सरपटला. मी त्याच्यामागे. शिडीचं वरचं पाऊल ग्रीसने माखलेलं. आम्हीच माखलेलं.

पडलो. उजव्या मांडीत काहीतरी मोडलं. आवाज आला.

ओडेल वरून म्हणाला, थांब, माणसं आणतो. सरपटत गेला. शुद्धीत नव्हता पुरता, मला ‘आई’ म्हणाला.

७:३५

पावलं. जड. सकाळची सील तपासायची फेरी, चीफ. मी ओरडलो, चीफ, मी आहे, बास्किन! लाइल बास्किन! पाय मोडलाय!

पावलं थांबली. तो खाली डोकावला नाही. मग त्याचा आवाज, अगदी गयावया केल्यासारखा. म्हणाला, बास्किन असशील तर वर हजेरीत नसशील. आत्ता कळेल. उत्तर आलं नाही तर उघडतो, देवाशपथ उघडतो, पोरा.

झडप पडली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

७:५०

म्हणजे एवढंच व्हायला हवं. माझ्या नावाला कोणी बोलायचं नाही. कोणीच नाही.

ओडेल पोचला असेल का. सांगितलं असेल का. की कुठे दोरांवर कोसळून पडलाय—

बॅटरी पिवळी होतेय. इथे मी एकटा नाहीये. शिडीच्या तळाशी, माझ्या पायांपाशी, कोणीतरी ओलं— बघणार नाही. चीफसारखं. कागदाकडे बघायचं.

८:००

हवेची नळी वर पिछाडीपाशी निघते. नळीचं तोंड कापडाने बांधलंय, पण ऐकू येतं. मी ठोकतोय. शेजारच्या जहाजावरही ठोकतायत.

नावं सुरू झाली.

फ्राय.

‘हजर.’ घसा फाटलेला, खोकला. खरा! खरा ओडेल! उभा आहे तो, धरून उभं केलंय कोणीतरी. सांग त्यांना ओडेल. सांग—

पुढचं नाव. त्यापुढचं. कोणी मधे बोलत नाहीये. का बोलत नाहीये तो? डोकं ताळ्यावर नाही त्याचं—

बास्किन.

शांत.

शांत आहे. देवा. असंच राहू दे.

दुसऱ्यांदा. बास्किन. चीफचा आवाज कापतोय. मान वर केली असेल त्याने. केली असेल.

पायापाशी पाणी हलल्यासारखं. इथे पाणी नाहीये. कोणीतरी श्वास घेतंय, बोलायच्या आधी घेतात तसा—

गप्प रहा. कोणीही असा, गप्प रहा. ओडेल, तूसुद्धा, बाबा, तोंड उघडू नकोस, आज माझ्यावर उपकार नको, आज नको, आज मी खरंच वर नाही—